उभे राहून वल्हवायच्या बोर्डाचा धंदा : माल घेताना काय पाहावे?

कोकण किनाऱ्यावर आणि गोव्यात पर्यटकांसाठी जे पाण्यावरचे खेळ चालतात, त्यांत गेल्या काही वर्षांत एका साध्या खेळाची भर पडली आहे. लांब-रुंद बोर्डावर सरळ उभे राहायचे आणि माणसाच्या उंचीपेक्षा मोठे असे एकच वल्हे दोन्ही हातांत धरून बोर्ड पुढे न्यायचा. याचे इंग्रजी नाव स्टँड अप पॅडलबोर्डिंग. धंद्यातील लोक त्याला 'सप' म्हणतात. खेळ मूळचा प्रशांत महासागरातील हवाई बेटांचा. वायकिकीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना लाटांवरचा खेळ शिकविणारे तरुण विसाव्या शतकाच्या मध्यास असे वल्हे घेऊन उभे राहत. पुढे २००० च्या सुमारास लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा यांच्यासारख्या खेळाडूंमुळे तो बाहेर पसरला. आपल्या देशात मार्च २०२४ मध्ये मंगळूरजवळच्या सशिहित्लू किनाऱ्यावर त्याची आंतरराष्ट्रीय स्पर्धाही झाली. तारकर्ली-देवबागच्या शांत पाण्यात पर्यटक हे बोर्ड भाड्याने घेऊन फिरतात.

किनाऱ्यावर ज्याचे दुकान, खानावळ, होडी किंवा राहण्याच्या खोल्या आहेत, त्याला हा जोडधंदा हवासा वाटणे साहजिक आहे. इंजिन नाही, डिझेल नाही, खलाशांचा पगार नाही. परंतु सोपा दिसणारा धंदा माणूस घाईने सुरू करतो. चित्र आणि किंमत पाहून एकदम दहा बोर्ड मागवले, आणि मग कळले की निम्म्या गिऱ्हाइकांना त्यांवर उभेच राहता येत नाही, तर भांडवल अडकले. जाकिटे आणि पट्टे चुकीचे आले तर नुकसान पैशावर थांबत नाही. म्हणून माल कसा निवडावा, याचा विचार येथे सविस्तर करू.

परवान्याविषयी थोडक्यात सांगून ठेवतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर व खाडीत असा व्यवसाय करण्यास महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी लागते, आणि पावसाळ्यात, साधारण मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत, हे खेळ बंद असतात. म्हणजे वर्षातले नऊ महिनेच कमाईचे. माल घेण्याआधी बंदर कार्यालयात जाऊन अटी लिहून घ्याव्यात, कारण जाकीट कोणत्या प्रतीचे हवे, बचावासाठी होडी हवी की नाही, हे त्या अटींवर ठरते.

आधी पाणी, मग गिऱ्हाईक, मग बोर्ड

आपले बोर्ड कोणत्या पाण्यात चालणार? धरणाचा जलाशय, खाडी आणि उघडा समुद्र या तीन वेगळ्या बाजारपेठा समजाव्यात. जलाशयात पाणी संथ असते, पण वारा सुटला की अडवायला काही नसते. खाडीत वारा कमी लागतो, पण दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, आणि ओहोटीचा ओढ माणसाला मुखाकडे घेऊन जातो. उघड्या समुद्रात लाटा आहेत. तेथे नवशिक्याला सोडूच नये. भाड्याच्या धंद्याला खाडीचा आडोशाचा भाग किंवा जलाशय हेच योग्य.

वेळही पाण्याचाच भाग आहे. शाळेत आपण सर्वांनी खारे वारे आणि मतलई वारे शिकलेले असतात. दुपारी समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे सुटतात. उभा माणूस म्हणजे एक शीडच; वाऱ्यात त्याला बोर्ड आवरत नाही. त्यामुळे या धंद्याचे खरे तास सकाळचे, आणि फार तर वारा पडल्यावर संध्याकाळचे थोडे. बोर्ड किती घ्यायचे याचा हिशेब दिवसाचे दहा तास धरून केला तर तो चुकणारच. तीन-चार तास धरावेत.

आता गिऱ्हाईक. बोर्ड निवडताना सर्वांत आधी वजन पाहावे, उंची किंवा वय नंतर. पाण्यावर तरंगण्याचा नियम साधा आहे : एक लिटर आकारमानाची वस्तू साधारण एक किलो भार उचलते. ८० किलोचा माणूस आणि १० किलोचा बोर्ड मिळून ९० किलो होतात, म्हणून ९० लिटरचा बोर्ड त्याला जेमतेम पाण्याच्या पातळीवर धरील. त्यावर उभे राहणे मात्र तारेवरची कसरत होईल. नवशिक्यासाठी वजनाच्या किलोंच्या निदान दुप्पट लिटर धरावेत, हा चांगला अंदाज आहे. ८० किलोला १६० लिटर. बोर्डाच्या माहितीपत्रकात लिटरचा आकडा असतोच. नसेल तर तो माल घेऊ नये.

लिटरइतकीच महत्त्वाची रुंदी. सर्वसाधारण वापराचा बोर्ड १० फूट ६ इंच लांब आणि ३२ इंच रुंद असतो. बहुतेक गिऱ्हाइकांना तो चालतो. वजनदार माणसाला, किंवा आई-वडील पुढे लहान मूल बसवून नेणार असतील तर, ११ फुटांच्या वर आणि ३४ इंच रुंद बोर्ड हवा. साडेबारा फुटी, ३० इंचांखालचे, टोकदार नाकाचे बोर्ड दिसायला झोकदार असतात, वेगही घेतात. ते शिकलेल्या माणसाचे काम. भाड्याच्या दुकानात असा बोर्ड भिंतीला टेकून उभा राहतो, आणि कोणी नेलाच तर पाच मिनिटांत माणूस पाण्यात आणि बोर्ड परत.

पाच बोर्डांनी सुरुवात करणाऱ्याने तीन सर्वसाधारण मापाचे, एक रुंद आणि एक हलक्या वजनाच्या तरुणांसाठी थोडा लहान असा संच घ्यावा. पाचही एका मापाचे घेऊन कारखानदाराकडून थोडी सूट मिळते, त्या मोहात पडू नये.

हवेचा की कडक?

बाजारात दोन मुख्य जाती आहेत. पहिला हवा भरायचा बोर्ड. हा साध्या ट्यूबसारखा नसतो. वरचा आणि खालचा थर हजारो धाग्यांनी आतून एकमेकांस जोडलेले असतात, त्यामुळे हवा भरली की तो फुगून गोल न होता सपाट आणि कडक राहतो. या विणीस ड्रॉप स्टिच म्हणतात. यावर पीव्हीसीचे थर चढवलेले असतात. स्वस्त मालात थर एकच असतो. वजन कमी भरते, पण बोर्ड मधोमध वाकतो. जाडी ६ इंच असावी. ४ इंची स्वस्त बोर्डावर ८० किलोचा माणूस उभा राहिला की मध्यभाग खाली जातो आणि दोन्ही टोके वर येतात.

याचा मोठा गुण म्हणजे वाहतूक. हवेचा बोर्ड घडी करून पिशवीत बसतो. खोके सुमारे एक दशांश घनमीटरचे होते. तेवढ्याच मापाच्या कडक बोर्डाच्या खोक्याला अर्धा घनमीटर जागा लागते. जहाजाचे वा ट्रकचे भाडे अशा हलक्या मालावर वजनाने न लागता आकारमानाने लागते, त्यामुळे कडक बोर्डाची कारखान्यातली किंमत आणि आपल्या दारातली किंमत यांत मोठे अंतर पडते. किंमत विचारताना नेहमी दारात पोहोच किंमत विचारावी.

अवगुण म्हणजे ऊन. बोर्डात साधारण १२ ते १५ पौंड दाब भरतात, म्हणजे मोटारीच्या टायरच्या निम्मा. सकाळी ३० अंशांत १५ पौंड भरलेला बोर्ड वाळूवर पडून ६० अंशांपर्यंत तापला तर आतील दाब १८ पौंडांच्या आसपास जातो. रोज असे होत राहिले की चिकटवलेल्या कडांचा गोंद सुटू लागतो. कडा कशा जोडल्या आहेत, नुसत्या गोंदाने की उष्णतेने वेल्ड करून, हे विकणाऱ्यास विचारावे. वेल्ड केलेल्या अधिक टिकतात. दुकानासमोर ताडपत्रीची किंवा झावळ्यांची सावली करावी आणि काम नसताना थोडी हवा सोडून ठेवावी. हा खर्च काहीच नाही. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा भरू नये, दाब हाताबाहेर जातो. मापक असलेला हातपंप किंवा बॅटरीवर चालणारा पंप घ्यावा.

दुसरी जात कडक बोर्डाची. यातही दोन प्रकार ओळखावेत. एकात आत थर्मोकोलच्या जातीचा फेस आणि वर फायबर व इपॉक्सीचे कवच असते. पाण्यावर सर्वांत सुंदर हाच चालतो. पण खडकावर आपटला, कवचाला चीर पडली, की आतला फेस पाणी पितो आणि बोर्ड कायमचा जड होतो. अशा बोर्डांना वरच्या बाजूस हवा जाण्यासाठी एक छोटा स्क्रू असतो. काहींत तो आपोआप काम करतो, काहींत हाताने उघडावा आणि पाण्यात जाताना घट्ट करावा लागतो. कोणत्या जातीचा आहे ते घेतानाच विचारावे.

दुसरा प्रकार प्लास्टिकचा. गच्चीवरील पाण्याच्या टाक्या जशा तापलेल्या साच्यात फिरवून बनवतात, त्याच पद्धतीने काही बोर्ड बनतात. वजन २० किलोंच्या वर, दिसायला सामान्य, वेग बेताचा. परंतु खडक, जेटीची पायरी, गिऱ्हाइकाचा निष्काळजीपणा, सारे तो सहन करतो. ज्याची जागा पाण्यालगत आहे आणि बोर्ड रोज दूर वाहून न्यायचे नाहीत, त्याने याचा जरूर विचार करावा. माझ्या मते खडकाळ खाडीत भाड्याने देण्यासाठी याच्यासारखा माल नाही. रोज गाडीत घालून जागा बदलणाऱ्याने मात्र हवेचाच घ्यावा.

वल्हे, फिन आणि कारागिराचे काम

वल्ह्याकडे खरेदीदाराचे लक्ष नसते. बोर्डाबरोबर जे येईल ते तो घेतो. वास्तविक गिऱ्हाईक तासाभरात वल्हे सहज दोन हजार वेळा उचलते. अ‍ॅल्युमिनियमचे वल्हे सुमारे एक किलोचे, कार्बनचे जवळपास त्याच्या निम्मे, पण कार्बन महाग आणि आपटल्यास तडकणारे. भाड्यासाठी फायबरचा दांडा आणि नायलॉनचे पाते हा मध्यम मार्ग ठीक. लांबी माणसाच्या उंचीपेक्षा ८ ते १० इंच जास्त हवी, म्हणून कमी-जास्त करता येणारी वल्ही घ्यावीत. त्यांच्या सांध्यात वाळू आणि खार बसून ती जाम होतात. रोज संध्याकाळी सांधे मोकळे करून गोड्या पाण्यात बुडवून काढणे, याला पर्याय नाही. पाच बोर्डांना सात वल्ही असावीत.

गिऱ्हाईक वल्हे उलटे धरते, हेही सांगून ठेवतो. पाते दांड्याशी किंचित कोन करून असते. तो कोन पुढच्या दिशेला झुकलेला हवा. पाहणाऱ्यास हे चूक वाटते, म्हणून प्रत्येकाला दाखवून द्यावे लागते.

बोर्डाच्या तळाशी माशाच्या परासारखी फिन असते. तिच्यामुळे बोर्ड सरळ चालतो. ८-९ इंची फिन खोल पाण्यात छान, पण ओहोटीला उथळ झालेल्या खाडीत ती तळाला अडकते आणि वरचा माणूस तोंडावर आपटतो. अशा जागी ४-५ इंचांची वाकणारी फिन हवी. फिन बसवण्याची खाच प्रमाण मापाची आहे ना, हे नक्की पाहावे. काही कंपन्या स्वतःचीच वेगळी खाच ठेवतात. फिन हरवली की नवी मिळेपर्यंत बोर्ड पडून.

येथे कारागीर बंधूंसाठी काम आहे. मच्छीमार होड्यांचे फायबरचे काम करणारे लोक बंदरोबंदरी आहेत. त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : होडीच्या कामात वापरले जाते ते पॉलिएस्टर रेझिन थर्मोकोल जातीच्या फेसाला लागले की फेस विरघळतो. चीर लहान आणि दुरुस्तीनंतर खड्डा मोठा, असे होते. अशा बोर्डाला इपॉक्सी रेझिनच लागते. आधी आतील ओल पूर्ण सुकवावी, मग इपॉक्सी व फायबरचे कापड बसवावे. हे काम नीट जमलेला माणूस एका तालुक्यात एक असला तरी सर्व बोर्डवाले त्याच्याकडे येतील. हवेच्या बोर्डाचे पंक्चर त्याहून सोपे. पीव्हीसीचा तुकडा, त्याच जातीचा गोंद, आणि २४ तास हात न लावण्याचा संयम पुरे.

सुतारानेही लाकडी वल्ही करून पाहावीत. सरळ धाग्याचे, बिनगाठीचे हलके लाकूड, पट्ट्या चिकटवून केलेला दांडा, पात्याच्या कडेला इपॉक्सीचा हात. कमी-जास्त लांबीचे होणार नाही, पण स्वतःचा बोर्ड घेणारा गिऱ्हाईक मापाचे वल्हे करून घेतो.

जेथे पैसा वाचवायचा नाही

बोर्ड आणि माणूस यांना जोडणाऱ्या दोरीला लीश म्हणतात. माणूस पडला तर बोर्ड वाऱ्याने दूर जाऊ नये म्हणून ती असते. बोर्ड हाच सर्वांत मोठा तरंगणारा आधार आहे. समुद्रात व बंद पाण्यात ती पायाला बांधतात. वाहत्या पाण्यात मात्र पायाची लीश घातक ठरू शकते. ती खांबाला, जाळ्याला, नांगराच्या दोरीला किंवा खारफुटीच्या मुळांना अडकली की प्रवाह माणसाला खाली दाबतो आणि घोट्यापर्यंत हात पोहोचत नाही. तेथे कमरेचा पट्टा हवा, जो एका झटक्यात सुटतो.

ऑक्टोबर २०२१ मध्ये वेल्समधील हॅवरफर्डवेस्ट गावी नऊ जणांची सहल पुराने भरलेल्या नदीत अशा बोर्डांवर निघाली आणि एका बंधाऱ्यावरून खाली गेली. चार जण मृत्यू पावले. त्यांत वाचवायला गेलेला एक मार्गदर्शकही होता. नदीसाठी योग्य असे झटकन सुटणारे पट्टे त्यांच्याजवळ नव्हते. सहल नेणाऱ्या कंपनीच्या मालकिणीला २०२५ मध्ये साडेदहा वर्षांची कैद झाली. तेथे पाण्यावर जाण्याचा निर्णयच मुळात चुकीचा होता, आणि वेगळ्या पट्ट्याने सारे वाचले असते असे नाही. पण आपल्या खाडीत मासेमारीची जाळी, पुलाचे खांब आणि उभ्या होड्यांच्या दोऱ्या सगळीकडे असतात. बोर्डाबरोबर फुकट येणारी पायाची लीश बाजूला ठेवून कमरेचे पट्टे वेगळे विकत घ्यावेत, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाकडून किनाऱ्यावरच तो दोनदा सोडवून घ्यावा.

जाकिटांचा आधार न्यूटनमध्ये मोजतात. ५० न्यूटन म्हणजे सुमारे पाच किलोंची उचल; हे पोहता येणाऱ्यासाठी. आपल्याकडे येणाऱ्या अनेक पर्यटकांना पोहता येत नाही. त्यांच्यासाठी १०० न्यूटन किंवा अधिकचे हवे. ते अंगात जाड वाटते, गिऱ्हाईक कुरकुर करते, करू द्यावे. कमरेला बांधून दोरी ओढल्यावर फुगणारी जाकिटे पोहता न येणाऱ्यास देऊ नयेत, कारण घाबरलेला माणूस दोरी ओढायची विसरतो. मापे तीन तरी ठेवावीत, लहान मुलांच्या जाकिटाला मांड्यांमधून जाणारा पट्टा असावा. उन्हाने कापड विटले, बकल तुटले, की ते जाकीट फेकून द्यावे. बोर्ड चालवायला ठेवलेल्या मुलाला बचावाचे प्रशिक्षण द्यावे. गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत असे वर्ग चालतात.

मागवताना

बराच माल चीनमध्ये बनतो. स्वतः आयात करणार असाल तर आयात-निर्यात संकेतांक लागतो. सीमाशुल्काच्या यादीत लाटांवरचे बोर्ड व जलक्रीडेचे साहित्य ९५०६ या शीर्षकाखाली येते. कराचा दर कागदावर लिहून सल्लागाराकडून पक्का करून घ्यावा. आखातात भाऊबंद असलेल्यांना जुना मालही मिळू शकतो, दुबईच्या काइट बीचसारख्या ठिकाणी हा खेळ नेहमी चालतो. मात्र तेथील ऊन आपल्याहून कडक. जुन्या हवेच्या बोर्डाच्या कडा बोटाने ओढून पाहाव्यात, व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी टाकून बुडबुडे येतात का ते पाहावे. दोन-चार बोर्ड प्रवासी सामानातून आणण्याचा विचार करू नये, तो व्यापारी मालच धरला जाईल.

नव्या मालाचा प्रथम एकच नग मागवावा. हवा पूर्ण भरून दोन दिवस सावलीत ठेवावा आणि दाब किती उतरला ते लिहून ठेवावे. मग दोन खुर्च्यांवर टोके टेकवून मधोमध घरातील सर्वांत वजनदार माणसाला बसवावे. बोर्ड किती वाकतो ते फूटपट्टीने मोजावे. त्यानंतर पाण्यात, याच माणसाला, वारा नसलेल्या सकाळी. तो उभा राहू शकला तर उरलेल्या चारांची मागणी नोंदवावी, आणि नोंदवताना सुटे व्हॉल्व्ह, दोन फिन व गोंदाचे डबे त्याच बिलात टाकून घ्यावेत, कारण नंतर एकट्या फिनसाठी कोणी खोके पाठवीत नाही.